वेगाचा आकडा आणि जागेची गरज

गेमसाठी ड्राइव्ह घेताना दुकानात पहिला प्रश्न वेगाचा निघतो. खोक्यावर सात हजार मेगाबाइट प्रतिसेकंद असे ठळक छापलेले असते आणि तेवढ्यासाठी लोक हजार-दोन हजार जास्त मोजतात. माझ्या मते, बहुतेकांनी ते पैसे जागेवर खर्च करावेत.

हार्ड डिस्क सोडून एसएसडी घेण्यात मोठा लाभ आहे, याबद्दल वाद नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद जातात, हेड सरकायला लागणारा वेळ वेगळाच. गेमच्या हजारो बारीक तुकड्यांसाठी हे पुनःपुन्हा घडते. एसएसडीत काही फिरतच नसल्याने ही वाट पाहणे जवळपास संपते, आणि ते साध्या सॅटा एसएसडीतही संपते. त्यापुढे सॅटाच्या ५५० मेगाबाइटवरून ७००० वर गेले तरी गेम तेरापट लवकर उघडत नाही. वाचलेली माहिती उलगडण्याचे आणि नकाशा उभा करण्याचे काम प्रोसेसरकडे असते, त्याला ड्राइव्हचा वेग मदत करत नाही.

याचा ठोस पुरावा ‘हेलडायव्हर्स २’ने दिला. हार्ड डिस्कवाल्यांना ताटकळावे लागू नये म्हणून या गेमच्या पीसी आवृत्तीत त्याच त्या फाइलींच्या अनेक प्रती ठेवल्या होत्या आणि आकार १५० जीबीच्या पुढे गेला होता. निर्मात्यांनी २०२५मध्ये प्रत्यक्ष मोजून पाहिले, तेव्हा वेळ मुख्यतः नकाशा तयार होण्यात जातो असे निघाले. प्रती काढल्यावर गेम २३ जीबींवर आला आणि हार्ड डिस्कवरही विलंब काही सेकंदांनीच वाढला. म्हणून हार्ड डिस्क सगळीकडे चालेल असे मात्र नाही. ‘स्टारफिल्ड’ आणि ‘बॉल्डर्स गेट ३’ हे २०२३चे गेम एसएसडीच मागतात.

उलट जागेची टंचाई रोज जाणवते. दीडशे जीबीचे दोन-तीन गेम टाकले की ५०० जीबीचा ड्राइव्ह भरतो आणि नव्यासाठी जुना काढावा लागतो. तो परत हवा झाला की पुन्हा डाउनलोड. आपल्याकडे ज्यांचे इंटरनेट मोबाइलच्या रोजच्या दोन जीबींवर चालते, त्यांना दीडशे जीबींसाठी पंचाहत्तर दिवसांचा डेटा लागेल. प्रतिसेकंद काही हजार मेगाबाइटचा जादा वेग या हिशेबापुढे टिकत नाही.

यावर आक्षेप येईल की पुढचे गेम वेगावरच बेतलेले असतील. प्लेस्टेशन ५ने २०२०मध्ये साडेपाच जीबी प्रतिसेकंदाचा ड्राइव्ह दिला, विंडोजवर ड्राइव्हमधली माहिती वेगाने गेमपर्यंत नेणारे डायरेक्टस्टोरेज आले. पण तो वेग दाखवण्यासाठी मिरवलेला ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’ २०२३मध्ये पीसीवर आला, तेव्हा किमान गरजेत हार्ड डिस्कच लिहिलेली होती. गेम लाखो जुन्या यंत्रांवरही विकायचा असतो. प्लेस्टेशनमध्येच बसवण्यासाठी ड्राइव्ह घेणाऱ्याने मात्र वेग पाहावा, सोनी तिथे साडेपाच हजार मेगाबाइट सुचवते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जास्त जागेचे स्वस्त ड्राइव्ह बहुधा क्यूएलसी असतात, म्हणजे एका पेशीत चार बिट, आणि ते तीन बिटांच्या टीएलसीपेक्षा लवकर झिजतात. पण झीज लिहिण्याने होते आणि गेम एकदा लिहून शेकडो वेळा वाचला जातो. मोठी फाइल उतरवताना क्यूएलसीचा वेग शेवटी घसरतो, तेही सोसण्यासारखे आहे. त्याच यंत्रावर रोज व्हिडिओ संपादन करणाऱ्याने टीएलसीच घ्यावा.