अब्बू खाँच्या बाजूने

उर्दू माध्यमात शिकलेल्यांना ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट सांगावी लागत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. अल्मोड्याला अब्बू खाँ नावाचे एकटे म्हातारे राहतात. त्यांना बकऱ्यांची हौस. पण त्यांची एकेक बकरी दावे तोडून डोंगरावर पळते आणि तिथला लांडगा तिला खातो. मग ते चांदणी नावाची पांढरी बकरी आणतात, तिला जीव लावतात. तिलाही डोंगरच हवा असतो. ते तिला कोठडीत कोंडतात. खिडकी तेवढी उघडी राहते. चांदणी दिवसभर मोकळी हिंडते, रात्रभर लांडग्याशी लढते आणि फजरच्या अजानला जीव सोडते. झाडावरच्या पाखरांत वाद होतो, जिंकले कोण? बहुतेक म्हणतात, लांडगा. एक म्हातारे पाखरू म्हणते, चांदणी.

गोष्ट डॉ. झाकिर हुसेन यांची. १९६७ ते १९६९ या काळात ते राष्ट्रपती होते, पण त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते आणि मुलांसाठी लिहीत होते. ही गोष्ट त्यांनी रुकय्या रेहाना या नावाने छापली. ते त्यांच्या लहानपणीच वारलेल्या मुलीचे नाव. मूळ कल्पना मात्र अल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाची. १८६९च्या त्याच्या पुस्तकात हीच बकरी आहे, हाच लांडगा आहे, पण पाखरांचा निवाडा नाही. दोदे ती गोष्ट एका फटिंग कवीला ऐकवतो. चांगली नोकरी नाकारतोस काय, मग बघ तुझे काय होईल, असा त्याचा रोख. एकच मरण; तिकडे तो धाक आहे आणि आपल्याकडे ती फत्ते.

लहानपणी मी अर्थातच चांदणीच्या बाजूने होते. बी.एड.ला असताना रोज दोन बस बदलून जायचे, तेव्हा स्वतःला चांदणीच समजत असे. (अब्बांना माझी वाट पाहताना काय वाटत असेल, हे त्या वयात कोण विचारतो?) शिक्षिका झाल्यावर दरवर्षी पाचवीला ही गोष्ट सांगते. जिंकले कोण, असे विचारते. सगळा वर्ग ओरडतो, चांदणी! मी खूश होते.

पाच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी सातवी पास झाली. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढचे उर्दू हायस्कूल तालुक्याला, अकरा किलोमीटरवर. त्याच उन्हाळ्यात एसटी स्टँडवर काही टवाळ पोरांनी एका मुलीची ओढणी ओढली होती. मुलीचे वडील शाळेत आले. म्हणाले, “आपा, तुम्हीच सांगा. तुमची मुलगी असती तर पाठवली असती?” माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी म्हणाले, “एक वर्ष थांबा.”

ते वर्ष कधी संपले नाही. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न ठरले. दावत आली. मी गेले, जेवलेही.

त्यानंतर पाचवीच्या वर्गात मला ती गोष्ट धड सांगता येईना. पुस्तक घरी आणून पुन्हा वाचले आणि लक्षात आले, या खेपेस मी अब्बू खाँच्या बाजूने वाचते आहे. लहानपणी ते मला जेलर वाटले होते. पण त्यांची भीती खोटी कुठे आहे? लांडगा आहेच. चांदणीच्या डोक्यात डोंगर आहे, त्यांच्या डोक्यात आधीच्या बकऱ्या आहेत. ज्याने मूल गमावले, त्याच्याच हातून ती उघडी खिडकी लिहिली जावी, हे मला फार थोर वाटते. माझ्याने ते झाले नाही.

पण दुसरीही एक गोष्ट खटकली, आणि तीच जास्त छळते. इतक्या बकऱ्या गेल्या, तरी कुणी लांडग्याच्या मागे गेले नाही. अब्बू खाँ म्हातारे आणि एकटे, त्यांना दोष कसा द्यावा? पण अल्मोड्यात बाकी माणसे नव्हती का? दावे लांब की आखूड, खिडकी उघडी की बंद, एवढ्याचीच चर्चा. निवड फक्त बकरीने करायची, बांधलेले जगणे की मोकळे मरण; आणि झाडावर बसून निकाल आपण द्यायचा. त्या पाखरांत मीही होते. ‘चांदणी जिंकली’ म्हणायला मला काहीच मोजावे लागत नव्हते. वडिलांना जे उत्तर दिले, तेही झाडावरूनच दिले. त्या पोरांविरुद्ध मी कुठे गेले होते? डेपोत, पोलिसांत, मोहल्ल्याच्या बैठकीत, कुठेच नाही.

त्या मुलीची धाकटी बहीण यंदा सातवीत आहे. तिच्यासह गावात सातवीच्या सहा मुली आहेत. सकाळच्या एसटीने सहाही जणींनी एकत्र जायचे, पहिले दोन महिने आळीपाळीने एकेका घरचे मोठे माणूस सोबत, आणि डेपोत सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज, एवढे ठरवून मी घरोघर फिरते आहे. दोन घरांनी होकार दिला. तिसऱ्या घरी विचार करून सांगतो म्हणाले. तिच्या वडिलांकडे काल गेले होते. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले. निघताना ते दारापर्यंत आले आणि विचारले, “आपा, सोबत जायची पहिली पाळी कुणाची?”

मी माझे नाव सांगितले.