सरवा आणि घरभाडे



घरभाडे किती असावे हा प्रश्न बाजाराचा आहे, नीतीशी त्याचा संबंध नाही, असे पुष्कळ चांगल्या माणसांनाही वाटते. मालकाने रक्कम सांगितली, भाडेकरूने मान्य केली, की करार झाला. दोघांनी शब्द पाळला म्हणजे धर्म पाळला. पण ज्या भाडेकरू बाईला 'नाही' म्हणण्याची सोयच नाही, तिच्या होकाराला करार म्हणावे काय? दोन मुले पदरी असलेली, कामावर जाणारी, सरकारकडून थोडी मदत घेणारी एकटी आई खोलीचे भाडे भरते तेव्हा तिच्याजवळ काय उरते, याची जबाबदारी कोणाची? या लेखात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

धार आणि देवास या माळव्यातील दोन गावांकडे पाहू. दोन्ही पवार घराण्याची संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये होती. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. पवारांच्या मागून आलेली मराठी कुटुंबे आजही तेथे राहतात. १९७४ साली देवासला नोटा छापण्याचा सरकारी छापखाना सुरू झाला, आजूबाजूला कारखाने उभे राहिले. धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत वाढली. कारखान्यांबरोबर कामगार आले आणि जुन्या घरांतून, नव्या वस्त्यांतून एकेक खोली भाड्याने जाऊ लागली. अशा खोल्यांपैकी एखादीत एकटी आई राहते. कोणी विधवा असते, कोणी घटस्फोटिता, कोणी नवऱ्याने टाकलेली. विधवेला निदान मृत्यूचा दाखला मिळतो. नवरा सोडून गेला याचा दाखला इतक्या सहज मिळत नाही.

आता एक साधा हिशेब करू. समजा, अशा बाईला मालाच्या पॅकिंगच्या कामाचे महिना १०,००० रुपये मिळतात आणि खोलीचे भाडे ३,००० रुपये आहे. उरले ७,०००. खाणारी तोंडे तीन. म्हणजे दर माणशी दिवसाला अठ्ठ्याहत्तर रुपयांच्या आत सारे बसवायचे: धान्य, तेल, गॅस, वीज, शाळेची वही, तापाचे औषध, कामावर जाण्याचे भाडे. दुसरे एक तीन माणसांचे कुटुंब घ्या. त्याची प्राप्ती ४०,००० आणि भाडे १२,००० आहे. दोघांचेही भाडे प्राप्तीच्या तीस टक्केच झाले. परंतु दुसऱ्या घरात २८,००० उरले. प्रमाण सारखे असूनही एका घरात भाडे हा खर्च आहे आणि दुसऱ्या घरात ती उपासमारीची सुरुवात आहे.

हे तीस टक्क्यांचे माप जगात पुष्कळ ठिकाणी वापरतात. अमेरिकेत १९६९ साली कायदा झाला की, सरकारी घरातील गरीब भाडेकरूकडून त्याच्या प्राप्तीच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक भाडे घेऊ नये. १९८१ साली ती मर्यादा तीस टक्के केली. मर्यादा असणे हे नसण्यापेक्षा फार बरे. तरी हे माप मालकाच्या हातात काय पडले ते मोजते, भाडेकरूच्या हातात काय राहिले ते मोजत नाही.

पवित्र शास्त्रात एका एकट्या आईची गोष्ट आहे (२ राजे ४:१-७). नवरा वारला, कर्ज राहिले, सावकार दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आला. ती अलीशाकडे गेली. तेल वाढले ही गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. पण शेवटी संदेष्ट्याने तिला काय सांगितले याकडे आपले लक्ष कमी जाते. तेल विकून देणे फेडावे, आणि जे उरेल त्यावर तिने व तिच्या मुलांनी आपला निर्वाह करावा, असा त्याचा निरोप होता. देणे बुडवावे असे त्याने म्हटले नाही. पण देणे फिटल्यावर माय-लेकरे जगली पाहिजेत, हेही त्याने त्याच वाक्यात धरले. माझ्या मते भाड्याचे खरे माप येथे आहे. भाडे देऊन जे उरते त्यावर घर जगत असेल तरच ते भाडे न्याय्य.

येथे कोणी म्हणेल, सरकार मदत देते ना? देते, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. मध्यप्रदेशात 'लाडली बहना' योजनेतून जून २०२३ पासून महिना १,००० रुपये बायकांच्या खात्यावर येऊ लागले, ऑक्टोबर २०२३ पासून १,२५० आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५००. विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता यांनाही योजनेत जागा आहे. परंतु योजना सुरू झाली तेव्हाचा एक नियम पाहण्यासारखा आहे. जिला सामाजिक सुरक्षेची पेन्शन हजार रुपयांपेक्षा कमी मिळते, तिला फक्त फरक द्यावा असे ठरले. म्हणजे ६०० रुपये पेन्शन घेणाऱ्या विधवेला वर ४०० मिळाले. शेजारच्या सधवेला पूर्ण हजार मिळाले. शेवटी दोघींच्या हाती हजारच. सधवा बहीणही गरीबच आहे, तिचा हेवा करण्याचे कारण नाही. पण तिच्या घरात दुसरा मिळवता हात असू शकतो, आणि पहिल्या घरात तो गेला म्हणूनच तर पेन्शन सुरू झाली होती. रक्कम समान झाल्याने ओझे समान झाले नाही.

दुसरी गोष्ट, मदत जागच्या जागी राहते आणि भाडे वाढत जाते. केंद्र सरकारचा विधवा पेन्शनचा वाटा २०१२ साली महिना ३०० रुपये झाला, आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ तो तेवढाच राहिला. त्या काळात कोणत्या गावातील खोलीचे भाडे तेवढेच राहिले? शिवाय, भाडेकरू बाईच्या खात्यावर हप्ता येतो हे मालकाला कळले आणि त्याने भाडे पाचशेने चढवले, तर ती मदत कोणाला मिळाली? सरकारने बहिणीला दिली आणि बहिणीने ती पोहोचवून दिली, इतकेच झाले.

यावर मालकाची बाजू न ऐकणे अन्यायाचे होईल. छोट्या गावातील मालक म्हणजे नेहमी सावकार नसतो. पुष्कळदा घराची पुढची खोली भाड्याने देऊन मागच्या खोलीत राहणारी एखादी वृद्ध विधवाच मालकीण असते. भाडेकरू बाई म्हणते, "काकू, या महिन्यात जरा थांबा." काकू म्हणतात, "अगं, माझी औषधं कुठून आणू?" दोघीही खरे बोलतात. मध्यप्रदेशच्या १९६१ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यात १९८३ साली एक नवे प्रकरण घातले गेले. त्यात काही मालकांना, स्वतःची खरी गरज असल्यास, आपले घर लवकर परत मिळवण्याची सोय केली. त्या यादीत निवृत्त सरकारी नोकर आणि अपंग यांच्याबरोबर विधवा व घटस्फोटिता स्त्रियाही होत्या. कायद्याने विधवेचे दुःख ओळखले हे चांगले झाले. मात्र ओळखले ते मालकीण म्हणून. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विधवेसाठी त्या प्रकरणात तशी सोय नव्हती.

तर मग एका विधवेने दुसरीचा भार उचलावा काय? येथे मला सरव्याचा नियम फार उपयोगी वाटतो. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आणि लेवीयाच्या १९ व्या अध्यायात तो दिला आहे. शेतकऱ्याने शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नये, विसरलेली पेंढी परत आणू नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडू नये. ते परदेशीय, अनाथ व विधवा यांचे. यातील चार गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिली, सरवा वेचणारीला कष्ट करावे लागतात. रूथ उन्हात दिवसभर वेचत होती. म्हणून मदतीने माणसे आळशी होतात हा आक्षेप येथे लागू पडत नाही. आपण ज्या आईविषयी बोलतो तीही सकाळी डबा घेऊन कामावर जाते.

दुसरी, सरवा ही शेतकऱ्याने केलेली भीक नव्हे. जे उरले ते त्याचे नव्हतेच. त्यामुळे वेचणारीने हात जोडून उभे राहण्याचे कारण नव्हते. बवाजाने तर आपल्या गड्यांना बजावले की, तिच्यासाठी मुद्दाम मुठी टाकाव्यात आणि तिला लाजवू नये.

तिसरी, शेतकऱ्याचे शेत त्याच्याकडेच राहिले. त्याने सर्व द्यावे असे नियम म्हणत नाही, शेवटच्या काडीपर्यंत घेऊ नये असे म्हणतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा नियम एका दयाळू शेतकऱ्यासाठी नव्हता, सर्व शेतांसाठी होता. सर्वांनी कोपरा सोडला म्हणजे कोणा एकाचे नुकसान होत नाही. यावरून आपल्या प्रश्नाचे उत्तर निघते. मागच्या खोलीतील काकूंचे शेत फार लहान आहे, त्यांच्याकडून मोठा कोपरा मागता येणार नाही. पण दहा खोल्या भाड्याने देणाऱ्याचे शेत मोठे आहे. आठ तास राबवून तीन जिवांना न पुरेल इतकी मजुरी देणाऱ्या कारखानदाराचे त्याहून मोठे आहे. तिच्या हाती भाड्यापुरते उरत नसेल तर कोपरा कापला गेला तो आधी मजुरीत. आणि सर्वांत मोठे शेत सरकारचे.

मर्यादा आधीच ठरवून घर भाड्याने देता येते याला इतिहासात दाखला आहे. १८६५ च्या सुमारास लंडनमध्ये ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी गरिबांची मोडकळीस आलेली घरे चालवायला घेतली. पैसा जॉन रस्किन या लेखकाचा होता. त्यांनी ठरवले की, भांडवलावर पाच टक्के घ्यावेत. त्याहून जे सुटेल ते घरांच्या दुरुस्तीवर आणि सोयींवर, भाडेकरूंना काय हवे ते पाहून खर्च करावे. बाई भाड्याच्या बाबतीत कडक होत्या, थकबाकी चालू देत नसत. तरी मालकाने कोठे थांबावे हे त्यांनी भाडेकरूच्या आधी मालकाला सांगितले.

आपल्या देशातही सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांसाठी वेगळा विभाग ठेवला आहे आणि विधवा व एकट्या स्त्रिया यांना अग्रक्रम सांगितला आहे. ही आशेची गोष्ट आहे. मात्र २०२० साली अशीच एक योजना निघाली तेव्हा, आरंभीचे भाडे स्थानिक संस्थेने आसपासची पाहणी करून ठरवावे, असे ठरले होते. आसपासचे भाडे पाहिले की बाजार कळतो. त्या बाईच्या डब्यात काय उरले ते कळत नाही. ते कळायचे तर पाहणी तिच्या चुलीपासून सुरू केली पाहिजे.

आता आपल्या मंडळीकडे वळू. माळव्यात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ पासून काम केले. धारेत डॉ. मार्गारेट ओहारा यांनी वैद्यकीय सेवा केली. अशा जुन्या मिशनांमागे ठिकठिकाणी काही घरे, काही खोल्या राहिल्या आहेत. जेथे मंडळीच्या हाती अशी खोली असेल तेथे कमिटीने भाडे ठरवताना दोन आकडे लिहावेत: किती घेणार, आणि घेतल्यावर त्या घरात किती उरणार. जेथे खोली नाही तेथेही करण्यासारखे आहे. एकट्या बाईला खोली मिळत नाही ती पुष्कळदा पैशासाठी नव्हे, तर घरात पुरुष नाही म्हणून. मंडळीतील एखादे वडीलधारे जोडपे तिच्याबरोबर गेले आणि आम्ही हिला ओळखतो असे म्हणाले, तर दार उघडते. अनामत रक्कम एकदम भरता येत नाही म्हणून चांगली खोली हातची जाते. त्यासाठी छोटा फिरता निधी ठेवता येईल. आणि मदत करताना तिच्या संसाराची चौकशी करू नये.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. विधवेच्या दोन टोल्यांचा धडा आपण दरवर्षी घेतो. पुढच्या वेळी तो मार्क १२ च्या ४१ व्या वचनापासून सुरू न करता ३८ व्या वचनापासून घ्यावा. दोनच वचने अलीकडे प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्यांविषयी बोलतो, आणि मग ही विधवा येते. तिचे औदार्य शिकवताना तिचे घर कोणी गिळले हेही मुलांना विचारू द्यावे. वर्गात दहा चिंचोके घेऊन जावे. प्रत्येक चिंचोका हजार रुपयांचा. तीन भाड्याचे बाजूला काढावेत आणि उरलेल्या सातांत तिघांचा महिना मुलांकडून मांडून घ्यावा. मुले भराभर मांडू लागतील आणि धान्य, वीज, शाळा इथपर्यंत आली की थांबतील. तेथे शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये. त्यांना विचार करू द्यावा की आणखी एक चिंचोका कोठून यावा, आणि तो कोणाच्या शेताच्या कोपऱ्यात पडला आहे. तो कोपरा आपल्याही शेतात असेल, तर तो सोडण्याची सुबुद्धी देव आपणांस देवो.