गोठ आणि साक्ष

संध्याकाळची प्रार्थना आटोपली, 'आमेन' झाले, की आम्ही पोरे आजीच्या गोधडीवर जागा धरायला धावायचो. यवतमाळातले आमचे घर कौलारू होते. मधल्या खोलीत एकच बल्ब होता आणि तोही मिणमिणता. आजी पाय पसरून बसायची, पदराने तोंड पुसायची आणि दर वेळी एकाच वाक्याने सुरुवात करायची, "आयका पोट्टेहो, हे गोठ व्हय, साक्ष नाई." मग सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवलेला राक्षस यायचा, बोलणारा घोडा यायचा, सावत्र आईने विहिरीत ढकललेली राजकन्या कमळ होऊन वर यायची.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी 'साक्ष' हा शब्द सांगायला हवा. देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते माणूस मंडळीसमोर उभा राहून सांगतो, ती साक्ष. तिथे एक अक्षरही पदरचे घालायचे नसते. आजीची आई छप्पनच्या दुष्काळात अनाथ झाली आणि मिशनच्या आश्रयाने वाढली, ही आमच्या घरातली साक्ष होती. राक्षस आणि पोपट ही गोठ होती. एकच तोंड दोन्ही सांगत होते आणि ऐकणाऱ्या सहा वर्षांच्या पोरालाही त्यांतला फरक कळत होता.

माझे मामा प्रचारक होते. एका उन्हाळ्यात ते आले आणि माझ्या उशीखाली त्यांना 'चांदोबा' सापडला. प्रेत खांद्यावर टाकून मसणातून निघालेला विक्रम राजा त्यांनी पाहिला आणि काही न बोलता अंक चुलीत घातला. रंगीत चित्र आधी काळे पडले, मग त्याच्या कडा वळल्या, आणि सगळे जळून गेल्यावरही राखेच्या पापुद्र्यावर अक्षरे थोडा वेळ दिसत राहिली. आजी भाकऱ्या थापत होती. ती मामांना काही म्हणाली नाही. पण त्या रात्री तिने गोठ सांगितली नाही.

मामा मोठे झाले त्या गावात, ते लहान असताना, एका म्हाताऱ्या बाईवर करणीचा आळ आला होता. गावाने तिचे काय केले ते मामा आयुष्यभरात मला पुरते सांगू शकले नाहीत. वाक्य अर्ध्यावर सोडून उठून जायचे. आपल्या भागात मंत्र, करणी, भानामती हे शब्द पुस्तकातले नव्हते. त्यांनी माणसे मारली आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये, महाराष्ट्राला जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला तो उगाच नाही. प्रभूकडे आल्यावर मामांना पहिली मिळालेली गोष्ट म्हणजे त्या भीतीतून सुटका. वेताळ त्यांच्यासाठी गंमत कधीच होऊ शकत नव्हता. त्यांचे चुकले असे मी आज म्हणतो. पण त्यांची भीती खोटी होती असे मात्र मी म्हणणार नाही.

हे सगळे आठवायला कारण झाले मागच्या नाताळात. उपासनेनंतर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मुलगी सातवीत आहे. हॅरी पॉटर वाचते. मोबाइलवर सारखे संदेश येतात की हे सैतानाचे पुस्तक आहे. वाचू द्यावे का?" मी मराठी शिकवण्यात जन्म घालवला, शिवाय मंडळीतला जुना माणूस, म्हणून त्यांनी विचारले. त्यांना बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाची भीती होती. मंत्रतंत्र, शकुन, मेलेल्यांना विचारणे हे सारे देवाला ओंगळ आहे असे तिथे अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे. त्यांना इफिसही आठवत होते. प्रेषितांच्या कृत्यांत जादू करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांदेखत जाळली आणि त्यांची किंमत पन्नास हजार रुपये भरली, ती हकिकत.

पण इफिसच्या माणसांनी जाळले ते काय होते? ते धंद्याचे कागद होते. कोणता मंत्र कितीदा म्हटला की शत्रूचे वाटोळे होते, याची ती पोथी होती. ज्यांची होती त्यांनीच, आपण होऊन, ती जाळली. शेजाऱ्याच्या पोराच्या उशीखालची गोष्ट त्यांनी ओढून काढली नाही. करणीची पोथी आणि राक्षसाची गोष्ट यांत तोच फरक आहे जो विषाची बाटली आणि विष प्यालेल्या राजाच्या गोष्टीत असतो.

यवतमाळच्या ख्रिस्ती घरांत पुस्तकांबद्दलचा हा संकोच आला कुठून, याचा मी बराच विचार केला आहे. आमच्याकडचे मिशन फ्री मेथडिस्ट. हा पंथ 1860 मध्ये अमेरिकेत निघाला, गुलामगिरीच्या विरोधात ठाम उभा राहिला, आणि साधी राहणी त्याने फार मनावर घेतली. त्याचे मूळ जॉन वेस्लीकडे जाते. वेस्लीने 1743 मध्ये आपल्या मंडळ्यांना नियम घालून दिले. देवाच्या ज्ञानात किंवा प्रीतीत भर घालत नाहीत अशी गाणी गाऊ नयेत, अशी पुस्तके वाचू नयेत, असा त्यांत एक नियम आहे. तो इंग्लंडहून अमेरिकेत आणि तिथून कापसाच्या या मुलखात आला. इथल्या करणीच्या भीतीत तो पक्का रुजला, आणि कल्पित ते सगळे संशयित ठरले.

मात्र त्याच वेस्लीने बन्यनचे 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' संक्षिप्त करून लोकांत वाटले. म्हातारपणी, 1781 मध्ये, त्याने हेन्री ब्रूकची एक लांबलचक कादंबरी स्वतः कापून-छाटून छापली. नियम करणाऱ्याला आपल्या नियमाचा अर्थ ठाऊक होता. भर घालत नाहीत ती पुस्तके नकोत, असे तो म्हणाला होता. कल्पित असेल ते नको, असे नाही.

बन्यनचे ते पुस्तक आपल्या भाषेत 1841 मध्येच आले. हरी केशवजींनी केलेले ते भाषांतर म्हणजे 'यात्रिक क्रमण'. त्यात नैराश्य नावाचा राक्षस आहे, त्याचा किल्ला आहे, आग ओकणारा अपोल्लुओन आहे. त्याला अद्भुतकथा म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? बन्यनच्या मित्रांतही मतभेद होते. काही म्हणाले छाप, काही म्हणाले छापू नको, आणि त्याने पुस्तकाच्या आरंभी पद्यात त्यांना उत्तर दिले. म्हणजे मंडळीतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न 1678 पासूनचा आहे.

त्याहून जुना दाखला गोव्यात आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मुळात का लिहिला गेला, हे त्याच्या आरंभीच येते. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची आधीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तशी दुसरी का करून देत नाही? मला हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाचा पहिला साहित्यिक प्रश्न वाटतो. त्याची कथेची भूक बाप्तिस्म्याने गेली नव्हती. स्टीफन्सने तिला पाप म्हटले नाही. त्याने ओवी उचलली, मराठीला वाखाणले आणि भुकेल्याला ताट वाढले. पुढे रेव्हरंड टिळकांनी हेच केले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीने ख्रिस्तचरित्र गायला घेतले तेव्हा नावच दिले 'ख्रिस्तायन', आणि ते अपुरे राहिले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

मधल्या काळात मात्र आपण दुसऱ्या वाटेने गेलो, आणि त्या वाटेचाही मला अभिमान आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन', 1857 ची, बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची. त्यात जादू नाही, राजकन्या नाही. विधवांचे हाल आहेत. तिच्यानंतरच्या दशकात 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' आणि अरबी सुरस कथांचे भाषांतर यांनी वाचक अद्भुताकडे ओढून नेला. समीक्षकांनी पदमनजींना वास्तवाच्या बाजूला बसवले, अद्भुताला पलीकडे. ख्रिस्ती वाचकाच्या मनातही तीच रेघ राहिली. जे घडले ते आपले, जे घडले नाही ते त्यांचे.

इथे माझा खरा मुद्दा येतो. या रेघेने आपले बायबल वाचण्याचे नुकसान केले आहे.

मराठी बायबलात येशूने सांगितलेल्या गोष्टींना 'दाखला' म्हणतात. उधळ्या पुत्राचा दाखला, पेरणाऱ्याचा दाखला. शाळेतला दाखलाही दाखलाच. त्यावर जन्मतारीख असते, शिक्का असतो. पोरांना आपण लहानपणापासून शिक्क्याचा दाखला ओळखायला शिकवले, दुसरा शिकवलाच नाही. मी रविवारच्या शाळेत शिकवत असताना एका मुलाने विचारले होते, "उधळ्या पुत्राचे गाव कोणते?" मी म्हणालो, गाव नाही, तो मुलगा कधी झालाच नाही, प्रभूने गोष्ट रचली. त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले मी प्रभूला खोटे बोलणारा म्हणालो. जे घडले नाही ते खोटे, एवढेच त्याला कोणी तरी शिकवले होते. ज्याला गोठ ऐकायची सवय नाही त्याच्या हातात बायबलचा मोठा भाग मुका होतो. नाथानाने दाविदासमोर कोकरीची गोष्ट रचली म्हणून राजा संतापला आणि स्वतःच्याच निवाड्यात सापडला. सरळ आरोप केला असता तर नाथानाची मानच गेली असती.

आजीच्या गोष्टींत एक होती. रानातली झाडे राजा शोधायला निघतात. ती सागाकडे जातात, तो म्हणतो मला वेळ नाही. मोहाकडे जातात, तो म्हणतो माझी फुले कोण देईल. चिंच म्हणते मी सावली सोडून कुठे येऊ. शेवटी बाभूळ म्हणते, "या की, बसा माह्या सावलीत." आम्ही हसायचो, कारण बाभळीखाली बसलो की काय होते ते प्रत्येकाच्या तळपायाला ठाऊक होते. ही गोष्ट तिच्याच पदरची, असे मी समजत होतो. दहावीच्या सुट्टीत बायबलातले 'शास्ते' हे पुस्तक वाचत होतो आणि नवव्या अध्यायात थबकलो. जैतून, अंजीर, द्राक्षवेल आणि शेवटी काटेरी झुडूप. सत्तर भावांना मारून राजा झालेल्या अबीमलेखाच्या लोकांना योथाम डोंगरावरून ओरडून ही गोष्ट सांगतो. मी धावत आजीकडे गेलो. "ही साक्ष का गोठ?" ती म्हणाली, "गोठच व्हय. पन देवाच्या पुस्तकातली."

तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पौल आजीबाईंच्या कहाण्यांपासून दूर राहायला सांगतो, हे मला ठाऊक आहे. मामा तेच वचन दाखवायचे. पण त्याच अध्यायाच्या आरंभी पौल कोणावर बोलतो आहे ते पाहावे. लग्न करू नका, अमुक खाऊ नका, असे शिकवणाऱ्यांवर. रचलेल्या कहाण्या सिद्धांत म्हणून माथी मारणाऱ्यांवर त्याचा राग आहे. गोठीला साक्ष म्हणून विकणाऱ्यांवर, असे आजीच्या भाषेत म्हणता येईल. ती तर गोष्ट सुरू करण्याआधीच फरक सांगून टाकत होती. आणि हाच पौल अथेन्सला मूर्तिपूजक कवींच्या ओळी तोंडपाठ म्हणून दाखवतो.

तर मग सगळेच वाचावे का? नाही. जिथे सत्ता हवीशी वाटावी म्हणूनच जादू येते, क्रूरपणा चवीने सांगितला जातो, ती पुस्तके मी मुलांच्या हाती देणार नाही. शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याची शक्ती पैसे देऊन मागितली. त्या मागणीला खतपाणी घालणारे पुस्तक बायबलची वचने छापूनही येऊ शकते. उलट टोल्किनची महाकादंबरी घ्या. मुग्धा कर्णिकांनी ती मराठीत आणली आहे. तिच्या मध्यभागी जादूची अंगठी आहे, पण सारी कथा ती अंगठी वापरण्याची नाही, नाकारण्याची आहे. कथेतला गँडाल्फसारखा शहाणा जादूगार ती स्वतःकडे ठेवायला नकार देतो, कारण भले करायला म्हणून तो ती घेईल आणि तिथेच बुडेल. मामांनी ती वाचली असती तर? त्यांना ती माझ्याहून जास्त कळली असती. करणीच्या शक्तीपासून पळालेला माणूस होता तो.

ख्रिस्ती घरांत हल्ली सी. एस. लुईसच्या नार्नियाला मुभा असते. सिंह म्हणजे ख्रिस्त, म्हणून चालते. मला हा परवाना पुरेसा वाटत नाही. लुईस नास्तिक होता तेव्हा, 1916 मध्ये, त्याच्या हाती जॉर्ज मॅकडोनल्डची एक परीकथा पडली आणि आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा तिने केला असे तो पुढे म्हणाला. तिच्यात कोणी प्रवचन दिले नव्हते. गोष्टीने आधी नवल वाटायला शिकवले. विश्वास पुष्कळ वर्षांनी आला. शिवाय नार्नियापुरतेच दार उघडले तर आमची मुले बोकडाच्या पायांचा फॉन ओळखतील आणि पोपटात जीव ठेवणारा आपला राक्षस परका होईल. जवळच्या गोष्टींना असे परके आपण आधीही केले आहे. 1953 ते 1983 अशी तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी या यवतमाळात होती, नंतर ती पुण्याला गेली. देशभरातले तरुण इथे देवशास्त्र शिकले. इथून महानुभावांचे रिद्धपूर फार लांब नाही. चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत केसोबासांनी संग्रहित केले ती याच वऱ्हाडातली परंपरा, आणि हत्ती चाचपणारे आंधळे तिच्यातही आहेत. गोष्टीतून सत्य सांगण्याची एवढी मोठी शाळा दाराशी असताना आपण तिच्याकडे पाठ करून उपदेश करायला शिकलो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

यवतमाळला 2019 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. पुढचेच संमेलन उस्मानाबादला, आणि त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तेव्हा आमच्या मंडळीत लोक एकमेकांना पेढे देत होते. मला वाटले होते, आता घरोघरी पुस्तकांची कपाटे उघडतील.

नाताळात विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी सांगितले, मुलीला वाचू द्या, आणि तुम्हीही वाचा. तिच्याशी त्यावर बोला. आणि रात्री प्रार्थनेनंतर तिला शास्त्यांचा नववा अध्याय वाचून दाखवा, मग तुमच्या पदरची एखादी गोठ सांगा. ते गप्प झाले. म्हणाले, "सर, मला एकही येत नाही. आमच्या घरी बंदच होते." मी विचारले, तुमच्या आईला?

त्या घाटंजीला असतात, ऐंशी पार केलेल्या. आठ दिवसांनी गृहस्थांचा फोन आला. त्यांनी आईला विचारले होते. आई आधी घाबरली, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिले, आणि म्हणाली एक येते, पण लांब आहे, फोनवर नाही सांगता येणार. शनिवारी मुलीला घेऊन ते घाटंजीला जाणार होते.