रस्त्याला माफी, एसटीला जाब

जुलै 2023 च्या पहिल्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला आग लागली आणि 25 प्रवासी होरपळून गेले. पुढे काही मंडळींनी त्या जागी महामृत्युंजय यंत्र पुरले. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, ते योग्यच झाले. पण त्या यंत्राला हसणाऱ्या सुशिक्षितांनी आपलीही एक श्रद्धा तपासून पाहावी. ती राज्याच्या अर्थसंकल्पात बसली आहे. रस्त्यावर खर्च केला की विकास होतो आणि एसटीवर खर्च केला की पैसा बुडतो, असे ती सांगते.

701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला सुमारे 55 हजार कोटी रुपये लागले. एसटीचा कित्येक दशकांत साचलेला तोटा 2025 च्या श्वेतपत्रिकेनुसार दहा हजार कोटींच्या थोडा वर आहे, म्हणजे या एका महामार्गाच्या खर्चाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तरी ‘पांढरा हत्ती’ ठरते ती लालपरी.

यावर आक्षेप येईल की तुलनाच चुकीची आहे. महामार्ग ही मालमत्ता आहे, तिचा टोल येईल. तोटा मात्र बुडीत. मग एक आठवण करून देतो. 14 ऑक्टोबर 2024 रोजी, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल एका बैठकीत माफ केला. पुढच्या जानेवारीत एसटीची भाडेवाढ झाली, 14.95 टक्के. मोटारीत बसणाऱ्याला सूट आणि एसटीत उभ्याने जाणाऱ्याला वाढ, हा हिशेब अर्थशास्त्राचा नाही. कोणाचा आवाज मंत्रालयात पोहोचतो, त्याचा आहे.

मालमत्तेचेही तसेच. समृद्धी दहा जिल्ह्यांतून जाते, पण तिच्यावर दुचाकीला बंदी आहे. ज्याच्या शेताशेजारून ती गेली आणि ज्याच्या दारात मोटार नाही, त्याला ती कुंपणाआडून पाहण्यापुरतीच. उलट अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातली मुलगी पाचवी ते बारावी एसटीने फुकट शाळेला जाते. ती शिकली, ही राज्याची मालमत्ता नव्हे काय? पण सकाळची फेरी रद्द झाली, तर तो पास दप्तरातच राहतो. मुलीला वडापच्या खासगी जीपमध्ये दाटीवाटीने पाठवायला बाप धजत नाही आणि तिचे शिक्षण तिथेच थांबते. हा तोटा कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. एसटीत गैरकारभार आहे, गाड्या वाटेत बंद पडतात, स्थानके गलिच्छ आहेत. मान्य. पण रस्ता पहिल्या पावसात उखडला म्हणून रस्त्यांचा निधी थांबवा, असे आपण म्हणत नाही. ठेकेदाराला पकडा म्हणतो. तोच न्याय इथे लावावा. शिवाय सवलती सरकार जाहीर करते. 75 वर्षांपुढील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि महिलांना निम्मे तिकीट देण्याचे निर्णय स्वागतार्हच आहेत. पण घोषणेचे श्रेय मंत्र्यांनी घ्यायचे आणि सवलतीच्या रकमेसाठी महामंडळाने वाट पाहायची, याला दानत म्हणत नाहीत. तीच एसटी वर्षानुवर्षे राज्याला 17.5 टक्के प्रवासी कर भरत आली. खासगीवाला भरलेली गाडी निवडतो आणि रिकामी वाट सोडून देतो. ती रिकामी वाट धरायची सक्ती एसटीवर, आणि तोट्याचा शिक्काही तिच्याच कपाळी.

यावर उपाय गूढ नाही. जी फेरी भाड्यातून सुटत नाही, पण गावाला हवी आहे, ती सरकारने रीतसर विकत घ्यावी: किलोमीटरमागे ठरलेला दर, दर महिन्याला ठरलेली तारीख. बदल्यात महामंडळाने वेळ, स्वच्छता आणि गाडीची अवस्था यांचा जाब द्यावा. कोणत्या आगारातून किती फेऱ्या ठरल्या, किती सुटल्या, हे दर महिन्याला जाहीर व्हावे. म्हणजे मदतीला भीक म्हणता येणार नाही आणि गैरकारभाराला गरिबीची सबबही उरणार नाही.

1 जून 1948 रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली, तेव्हा नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, तुटपुंज्या तिजोरीच्या सरकारने प्रवास ही सार्वजनिक जबाबदारी मानली होती. राज्यघटनेचे 19 वे कलम नागरिकाला देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क देते. ज्याच्याकडे वाहन नाही आणि ज्याच्या गावाला गाडी येत नाही, त्याच्यासाठी तो हक्क कागदावरच राहतो.

दोष केवळ सरकारचा नाही. रस्त्याच्या भूमिपूजनाला आपण गर्दी करतो, नारळ फुटला की टाळ्या वाजवतो. तालुक्यातल्या फेऱ्या बंद झाल्या तर बातमीही वाचत नाही, कारण आपल्या दारात मोटार उभी असते. पुढच्या वेळी उमेदवार मत मागायला आला, की त्याने किती किलोमीटर डांबर टाकले एवढेच विचारून सोडू नका. त्या डांबरावरून मोटार नसलेला माणूस तालुक्याला कसा जातो, हेही विचारा, आणि उत्तर आल्याशिवाय त्याला पुढच्या दारी जाऊ देऊ नका.