नक्कल आणि लबाडी

कॅरोल शेल्बी यांनीं १९६२ सालीं इंग्लंडांतील एसी कंपनीच्या हलक्या गाडींत अमेरिकन फोर्डचें आठ सिलिंडरांचें एंजिन बसविलें, आणि 'कोब्रा' जन्मास आली. अस्सल कोब्रा सुमारें हजारच झाल्या. म्हणून आज हौशी माणसें सुटे भाग आणून घरच्या गॅरेजांत तिची प्रतिकृति जुळवितात. ही लबाडी नव्हे काय? मला तसें वाटत नाहीं. मूळ कोब्रा तरी दोन देशांच्या भागांची जुळणीच होती! शिवाय स्टिअरिंगचे बोल्ट आवळतांना हयगय केली, तर भर वेगांत प्राणाशींच गांठ. त्या कामांत नक्कल चालत नाहीं. प्रश्न उरतो तो नांवाच्या पट्टीचा. कोणी कौतुकानें "अस्सल का?" म्हणून विचारलें असतां गप्प राहणें, ही मात्र लबाडी. तो मोह मला स्वतःला आवरला असता, असें छातीठोकपणें सांगवत नाहीं.