ओहोटीची वाट

हरिहरेश्वराच्या मोठ्या प्रदक्षिणेची वेळ समुद्र ठरवतो. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सावित्रीच्या मुखाजवळ, डोंगराचं कातळी नाक समुद्रात शिरलं आहे. यात्रेकरू आधी काळभैरवाचं दर्शन घेतो, मग हरिहरेश्वराचं. त्यानंतर घळीतल्या पायऱ्या उतरून कातळावर येतो आणि डोंगर उजव्या हाताला ठेवत वळसा घालतो. ही वाट फक्त ओहोटीला मोकळी होते. भरतीत इथे माणसं वाहून गेली आहेत. तेव्हा पाण्याच्या वर बारमाही बांधीव मार्ग का करू नये, हा प्रश्न साहजिक आहे. माझ्या मते तसं केलं तर फेरफटका उरेल, प्रदक्षिणा उरणार नाही.

क्षेत्राला जायचं ते त्याच्या अटींवर. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, आणि तिला चालवणारा चंद्र पंचांगातलाच आहे. महाशिवरात्र येते माघ वद्य चतुर्दशीला, अमावास्येच्या तोंडावर. म्हणजे उधाणाच्या दिवसांत. कोकण किनाऱ्यावर तेव्हा भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री असते, त्यामुळे ऐन निशीथपूजेच्या सुमारास ही वाट पाण्याखाली! हरिहरेश्वर हे श्रीवर्धनच्या भट घराण्याचं, पेशव्यांचं कुलदैवत. पुण्यातून राज्य हाकणाऱ्यांनाही इथे पाणी उतरेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कोणी म्हणेल, कातळावरची जाळीदार नक्षी म्हणजे खाऱ्या पाण्याने झिजलेला बेसॉल्ट, त्यात दैवी काय? झीज मला पूर्ण मान्य आहे. पण पायाखालचा सपाट कातळही लाटांनीच कापून काढला आहे. वाट देणारा आणि अडवणारा एकच, हे भूशास्त्रानेच दाखवून दिलं. श्रद्धेला त्यात गमावण्यासारखं काही नाही.

जिवाच्या धोक्याचा आक्षेप मात्र खरोखर गंभीर आहे. कुणाचा बळी जाण्यात कसलंही पुण्य नाही. भरतीच्या वेळांचा ठळक फलक, पायऱ्यांच्या तोंडाशी वेळेवर बंद होणारं फाटक, कातळावर जीवरक्षक, एवढं हवंच. ही व्यवस्था समुद्राची अट मोडत नाही, यात्रेकरूला ती पाळायला लावते. ज्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी देवळातली प्रदक्षिणा आहे, आणि तिला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाच नाही.