दिसतंय की!

पावसाळ्यात मोटार चालवणाऱ्या गृहस्थाला ‘समोरचं नीट दिसतंय ना?’ असं विचारून पाहा. ‘दिसतंय की!’ असं उत्तर येईल. नुसतं ‘दिसतंय’ म्हणाला असता तर एक वेळ मी विश्वास ठेवला असता. पण तो शेवटचा ‘की’ फार संशयास्पद आहे. ‘अभ्यास झाला की’, ‘गोळी घेतली की’, ‘पैसे पाठवले की’, या सगळ्यांची जात एकच. ज्या गोष्टीची पुढे चौकशी होऊ नये असं वाटतं, तिच्या शेवटी मराठी माणूस ‘की’ लावतो आणि कुलूप घालून मोकळा होतो.

वायपर नावाच्या प्राण्याला आपल्याकडे चार महिने काम आणि आठ महिने उन्हात पडून राहणं, अशी नोकरी आहे. माणसाला ही नोकरी आवडेल. रबराला मानवत नाही. वायपरच्या रबराची धार पातळ पाकळीसारखी असते. पातं एका दिशेनं निघालं की ती मागे कलते, आणि परतताना तिनं कूस बदलायची असते. तसं झालं तरच पाणी सफाईनं निपटलं जातं. उन्हानं रबर कडक झालं की ते कूस बदलायचं सोडून देतं. जाताना पुसतं आणि येताना नुसतं थडथडत परत येतं. त्यात काचेवर डिझेलची काजळी असते. पहिल्या पावसात रस्त्यावर मुरलेलं तेल आणि धूळ वर येते, पुढच्या ट्रकची चाकं ती आपल्यावर उडवतात आणि आपला वायपर ती पावाला लोणी लावावं तशी काचभर पसरवतो. ही झाली बाहेरची बाजू. आतल्या बाजूला पाच माणसांचे श्वास, दोन ओल्या छत्र्या आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे रोज लावलेल्या उदबत्तीचा धूर. संध्याकाळी समोरून दिवे आले की एकेका दिव्याला शंभर फाटे फुटतात. आणि सगळ्यात जाड फराटा बरोबर चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत! शेजारी बसलेल्याला त्या मानानं स्वच्छ दिसतं. नवऱ्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल बायकांची मतं इतकी स्पष्ट का असतात, याचं हे एक कारण असावं.

यावर उपाय सांगणारे मात्र पायलीचे पन्नास मिळतात. कुणी काचेला तंबाखू चोळायला सांगतं, कुणी अर्धा बटाटा, कुणी कांदा. ओल्या वर्तमानपत्राचे भक्त वेगळे. आमच्या सोसायटीत एका पावसाळ्यात एका मोटारीच्या काचेवर इतके प्रयोग झाले की वायपर सुरू केल्यावर मिसळीचा वास यायला लागला. काच साबणाच्या पाण्यानं धुवावी, आतून-बाहेरून पुसावी, आणि रबर मेलं असेल तर नवं घालावं, हा उपाय कुणीच सांगत नाही. त्यात सांगणाऱ्याचा मोठेपणा काय राहिला?

आमचे साडू हे ‘दिसतंय की’ पंथाचे मोठे महंत. गाडीला दर दिवाळीला नवी सीट कव्हरं, पण वायपरचं रबर मूळचंच. एकदा आम्ही जुन्या रस्त्यानं पुण्याला निघालो होतो. खोपोलीच्या अलीकडे दिवेलागणीला असा पाऊस सुरू झाला की पुढचा ट्रक आहे की डोंगर आहे, हे कळेना. मी म्हटलं, “साडूभाऊ, पाच मिनिटं थांबू या का कडेला? चहा घेऊ, काच पुसू.” ते म्हणाले, “कशाला? दिसतंय की!” दोन मिनिटांनी त्यांच्या शेजारी बसलेली माझी मेव्हणी ओरडली, “अहो, माणूस!” गाडी तिरकी होऊन थांबली. डोक्यावरून पोत्याची खोळ घेतलेला एक म्हातारा आमच्या दिव्याच्या अगदी जवळून, हातभर अंतरावरून पुढे गेला. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पोत्याच्या खोळीतून त्याला आम्ही दिसलोच नसणार. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग साडू म्हणाले, “झालं का काही? नाही ना? मग!”

हे ‘मग’ माझ्या डोक्यातून जाईना. खरोखरच काही झालं नव्हतं. मग नेमकं बिघडलं काय?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या एका इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली एक निबंध लिहिला. या क्लिफर्डला बुडत्या जहाजाचा स्वतःचा अनुभव होता. १८७० साली ग्रहण पाहायला जाताना त्याचं जहाज फुटलं होतं. निबंधातही जहाजच आहे. एका मालकाचं जुनं, डागडुजीला आलेलं जहाज. परदेशी निघालेली बायकामुलं त्यातून जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते. पण तो म्हणतो, इतक्या फेऱ्या झाल्या, काही झालं नाही, देव आहेच. हळूहळू त्याची अगदी प्रामाणिक खात्री पटते की जहाज ठणठणीत आहे. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा मनुष्य दोषी आहे, कारण ती खात्री बाळगण्याचा हक्कच त्याला नव्हता. आणि पुढे म्हणतो, समजा जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो तितकाच दोषी; फक्त उघडा पडला नसता, इतकंच.

मी हे साडूंना सांगितलं. ते म्हणाले, “त्या साहेबाला गाडी चालवता येत होती का?” येत नव्हती. १८७७ साली कुणालाच येत नव्हती.

पण साडूंची बाजू अगदीच टाकाऊ नाही. शंभर टक्के दिसतं कुणाला? आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीसुद्धा समोरच्या काचेतून किमान सत्तर टक्के प्रकाश आला म्हणजे पुरे, असं मानलं आहे. सगळं लख्ख दिसेपर्यंत थांबायचं म्हटलं तर जून ते सप्टेंबर दादरहून ठाण्याला कुणी पोचणार नाही. लग्नं, नोकऱ्या, घराचं कर्ज, सगळंच आपण फराट्यांच्या काचेतून बघून करतो. तेव्हा ‘कमी दिसलं’ याबद्दल मी साडूंना एक शब्द बोलणार नाही. माझी तक्रार निराळी आहे. ते रबर मेलं आहे हे त्यांना एप्रिलातच माहीत होतं. मला ते बोटानं दाखवून म्हणाले होते, “पाऊस आला की बघू.” पाऊस आला, तेवढं बघायचं राहिलं. न दिसणं हा पावसाचा दोष झाला, पण दिसत नाही हे बघायचंच नाही असं ठरवणं, ते पावसानं केलं नाही. आणि या हिशेबात त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. वाचलेले पैसे साडूंचे, धोका त्याचा.

वायपरचा जन्मच अशा एका न ठरवणाऱ्या माणसामुळे झाला. मेरी अँडरसन ही अलाबामाची बाई न्यूयॉर्कला गेली असताना ट्रॅममध्ये बसली होती. बाहेर गारठ्याचा, बर्फाळ पाऊस. काचेतून दिसेना, तेव्हा ट्रॅमवाल्यानं सरळ समोरची काच उघडली आणि ते सगळं तोंडावर घेत तो गाडी हाकत राहिला. बाईला त्याची दया आली की स्वतःलाच थंडी वाजली, देव जाणे. पण तिनं आतून हातानं फिरवायचा वायपर काढला आणि १९०३ साली पेटंट घेतलं. विकत घ्यायला कुणी पुढे आलं नाही. सतरा वर्षांची मुदत संपली आणि बाईला त्यातून काही मिळालं नाही. त्या ट्रॅमवाल्याचं तर नावही कुणी विचारलं नसावं.

ती तिची हातवायपरची कल्पना मी अलीकडे पुण्यात पाहिली. एक जुनी रिक्षा, बाहेर मुसळधार. रिक्षावाला एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं आतली मूठ डावी-उजवी करत होता. रबर फाटलेलं, त्यामुळे काचेवर नुसत्या रेघोट्या. थोड्या वेळानं त्यानं मूठ सोडली आणि मान बाहेर काढून, डोळे मिचकावत, पावसात भिजत रिक्षा चालवायला लागला.

मी म्हटलं, “अहो, नवं रबर का नाही घालत? फार महाग नसतं ते.”

“मालकाची गाडी आहे, काका. चार वेळा सांगितलं त्यांना.”

“मग काय म्हणाले?”

त्यानं तोंडावरचं पाणी बाहीनं पुसलं. “म्हणाले, दिसतंय की!”